शेवंताबाईचा चेहरा

"पुन्हा उभी राहा. डोळे मोठे कर!" रेशनच्या दुकानात पुरवठा अधिकारी शेवंताबाईवर खेकसले.

यंत्राचा दिवा पुन्हा लाल झाला. चेहरा जुळत नव्हता. दिवाळीपासून तिला दाणा मिळाला नव्हता.

"आणखी किती मोठे करू? काढून ठेवू का तुमच्या हातावर?"

समोर परदेशी समिती बसली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेनं माणसाशी न्यायानं वागावं, म्हणून सगळ्या देशांसाठी एकच नियम लिहायला ती निघाली होती, आणि हे यंत्र तिला नमुना म्हणून दाखवायचं होतं. साहेब घाईनं समितीकडे वळले.

"ही बाई लबाड आहे. दुसरीच्या कार्डावर आली असणार," ते इंग्रजीत म्हणाले. "यंत्र परक्याला बरोबर पकडतं. मॅडम, हेच कार्ड लावून तुम्ही समोर उभ्या राहून बघा."

समितीची गोरी प्रमुख हसत यंत्रासमोर उभी राहिली. दिवा हिरवा झाला.

"नमस्कार, शेवंताबाई. आपलं धान्य घ्या," यंत्र गोड आवाजात म्हणालं.

शेवंताबाईनं त्या बाईचं मनगट धरलं. "चल घरी. म्हातारा अंथरुणात घाण करून पडलाय, त्याला धुवायचंय. धान्य तुझं, तर दादलाही तुझाच."

"काय म्हणते ही?" पाहुणीनं विचारलं.

"चहाला बोलावतेय," साहेब म्हणाले.

"किती प्रेमळ!" पाहुणीनं पर्स उचलली.

शेवंताबाई तिला ओढतच उन्हात घेऊन गेली.