जपानी नाइटसूट

माझ्या भावाने ओसाकाहून ह्यांच्यासाठी विरविरीत सुती नाइटसूट पाठवला होता. धुवावा तितका मऊ व्हायचा. तो अंगात घातला की हे पडल्या पडल्या घोरायला लागायचे.

पण हे नोकरीला डेट्रॉइटच्या मोटार कंपनीत. “जपानी माल घरातसुद्धा ठेवू नका, ते आपल्या पोटावर पाय देतायत,” असं बॉसने बजावलं आणि ह्यांनी तो निमूटपणे डोनेशनच्या पेटीत टाकला. वर्षभर पॉलिएस्टरमध्ये तळमळत काढलं.

शुक्रवारी ह्यांचं इंजिनांचं डिपार्टमेंटच बंद झालं आणि नोकरी गेली. निघताना त्याच बॉसने पाठ थोपटून ह्यांना एक खोका दिला. आत अगदी तसाच नाइटसूट!



“इंजिनं आता जपानहूनच येणार. करार करायला गेलो होतो, तेव्हा खास तुझ्यासाठी आणला. सकाळी निवांत झोपत जा!”