ओळख पटली

टक्.

घर गप्प होतं, म्हणून तो आवाज स्वयंपाकघरातून थेट आईच्या टेबलापर्यंत आला. लेकीने आईचं ऑफिसचं कार्ड गळ्यात अडकवलं होतं आणि ते भांड्यांच्या कपाटाला टेकवत होती. टक्. मग घोगरा आवाज काढून स्वतःच म्हणायचं, "ओळख पटली," आणि दार ओढायचं.

आईला हसू आलं. कितीतरी आठवडे पोरीने घरात दुसरं काही ऐकलंच नव्हतं. हॉस्पिटलचा जुना सर्व्हर थकला होता आणि नवा उभा करायचं काम तिच्या एकटीच्या बोकांडी बसलं होतं. माणूस कोण ते आधी ओळखायचं, मग त्याला कुठलं दार, कुठलं कपाट उघडायची परवानगी आहे ते बघायचं. एवढंच त्या सर्व्हरचं काम. भरवता भरवता तिने लेकीला ते गोष्टीसारखं सांगितलं होतं.

"राखणदार आहे गं तो. आधी नाव विचारतो, मग ठरवतो."

"तुला पण अडवतो?"

"मला? अगं, मीच तर त्याला कामावर ठेवलंय. माझ्या कार्डाने सगळी दारं उघडतात."

आज सकाळी तिने जुना सर्व्हर बंद केला. नव्या सर्व्हरने जराही कुरकुर केली नाही. ग्रुपवर शाबासक्या आल्या. साहेबांनी लिहिलं, 'आता मस्त ताणून दे, पोरी.' झोप काही लागली नाही, पण चहा मात्र गरम असतानाच प्यायला ती बसली होती. किती दिवसांनी!

फोन वाजला. साहेबच होते.

"बसली आहेस ना?"

"हो सर. काही अडलं का?"

"मुलांच्या वॉर्डातलं औषधांचं कपाट उघडलं नाही. रोजचीच्या जागी बदलीवर आलेली नर्स होती. तिने कार्ड लावलं, तर ओळख पटली म्हणे, पण परवानगी नाही. परत लावलं, परत तेच. इकडे एका मुलाला झटके येत होते. शेवटी खालच्या मजल्यावर धावली बिचारी, तिथून औषध आणलं. उशीर झाला."

"उशीर म्हणजे?"

"गेला तो."

तिने कप खाली ठेवला. बशी समोरच होती, तरी हाताला सापडेना.

"बदलीच्या नर्सेसचा गट वेगळा होता, सर," ती म्हणाली. "जुन्या सर्व्हरवर होता. नव्यावर... आणायचा राहिला."

"तुला फाडून खायला नाही फोन केला मी. वरचे मला विचारणार, म्हणून विचारतो. कपाटं तपासली होतीस ना?"

"एकूण एक. स्वतः वॉर्डावॉर्डांत फिरून. मुलांचं तर सगळ्यात आधी."

"कार्ड कुणाचं लावत होतीस?"

स्वयंपाकघरात टक् झालं.

तिने तिकडे पाहिलं; तिचं कार्ड लेकीच्या गळ्यात लोंबत होतं. "त्या गटाला आधी परवानगी दे," एवढं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. एका ओळीचं काम होतं. लिहूनसुद्धा झालं. स्क्रीनवर हिरवी खूण आली, आणि ती त्या खुणेकडे बघत राहिली.

लेक केव्हा येऊन गुडघ्याला टेकली ते तिला कळलं नाही.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. एक दार उघडलं नाही."

"कुठलं?"

"हॉस्पिटलमधलं. एका मुलाचं औषध होतं आत. नर्सताईंना ते उघडेना."

पोरीने जरा विचार केला. मग गळ्यातलं कार्ड काढलं. दोरी केसांत अडकली, ती ओढून सोडवली, आणि कार्ड दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

"हे तर सगळं उघडतं," ती म्हणाली. "मग तू हे त्यांना का नाही दिलंस?"