नीलकंठशास्त्र्यांचं प्रायश्चित्त

वाक्य अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. इरावतीची बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. समोर पाटावर डोळे मिटून सांगत बसलेले नीलकंठशास्त्री थांबले.

"गेलं?"

"हो अण्णा. बंद पडला."

"बिजली गेली?"

"नाही. दिवा चालू आहे."

गेले काही दिवस असंच चाललं होतं. अण्णांचं सांगणं रंगात आलं की कॉम्प्युटर आपोआप बंद पडे, आणि सेव्ह करायचं राहिलेलं सगळं जाई. अण्णा सांगत होते ते कुठे छापलेलं नव्हतं. त्यांचे दिवंगत गुरू बिंदुमाधवशास्त्री यांनी यज्ञविधीतले बारकावे त्यांना तोंडी शिकवले होते आणि बजावलं होतं, की हे कागदावर उतरवायचं नाही, शिष्याच्या मुखात द्यायचं. पण अण्णांचा शेवटचा शिष्य पाठशाळा सोडून रेल्वेत लागला. गंगेकाठी ब्रह्मा घाटावरच्या त्या घरात आता बापलेकच राहत होते. इरावती कॉलेजात संस्कृत शिकवायची. अण्णांच्या मागे हे सगळं बुडेल म्हणून तिनंच हट्ट धरला, कॉम्प्युटर आणला, आणि अण्णा कसेबसे तयार झाले.

"इरा, गुरुजींना हे पसंत नाही," अण्णा म्हणाले.

"मशीन आहे ते, अण्णा. बिघडतं."

"मी सांगायला बसलो की बिघडतं?"

तिनं दुकानात फोन लावला.

लहुराबीर भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून विश्वजीत नावाचा मेकॅनिक आला. त्यानं व्होल्टेज पाहिलं, तारा काढून पुन्हा बसवल्या, आणि काहीच सापडेना तेव्हा सगळं दुकानात नेलं. तिथे त्यानं मशीन दिवसभर चालू ठेवलं. ते एकदाही बंद पडलं नाही.

"दीदी, मशीन में कोई खराबी नहीं है," परत आणून देताना तो म्हणाला.

अण्णांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. नुसतं दूध, आणि माघाच्या थंडीत पहाटे गंगेत स्नान. प्रायश्चित्त पुरं होईपर्यंत सांगणं बंद.

एका दुपारी अण्णा दुर्गाघाटाकडे गेले होते. इरावती आधीचा मजकूर तपासत एकटीच बसली होती. पडदा पुन्हा काळा झाला. अण्णा बोलत नव्हते, घरातही नव्हते. ती उठली आणि मागची तार चाचपायला वाकली. हाताला कव्हर लागलं. आईच्या जुन्या शालूचं, आतून जाड अस्तर लावून इरावतीनंच हौसेनं शिवलेलं. गल्लीतली धूळ आणि कबुतरांची पिसं आत जाऊ नयेत म्हणून काम करतानाही ती ते सीपीयूवर राहू द्यायची. मागची जाळी त्यानं पुरती झाकली होती. कापड इतकं तापलं होतं की तिनं हात झटकन मागे घेतला.

मशीन दुकानात गेलं, तेव्हा कव्हर घरीच राहिलं होतं.

तिनं ते काढलं. मशीन थंड होऊ दिलं आणि पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी अण्णा आले तरी ते चालूच होतं.

"बंद नाही पडलं?" अण्णांनी दारातूनच विचारलं.

"नाही. दुपारपासून चाललंय."

अण्णांनी तिथेच हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. "ऐकलं म्हणायचं त्यांनी," ते म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत व्रत पुरं करतो. मग बसू आपण."

सांगायचं म्हणून उघडलेलं तोंड तिनं मिटलं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याही सांगणं झालं नाही. रोज त्यांच्यापुढे दुधाचा पेला ठेवताना ती त्यांच्याकडे बघत नसे. स्वतः मात्र ती रोज भात जेवत होती.

पौर्णिमा यायच्या आधीच घाटाच्या पायऱ्यांवर अण्णांना भोवळ आली. दोन मल्लाह नावाड्यांनी त्यांना धरून घरी आणलं. गुडघा फुटला होता. ओठ निळे पडले होते. इरावतीनं त्यांना रजईत गुंडाळलं आणि गुडघ्यावरचं रक्त पुसता पुसता, मान वर न करता सांगितलं.

"अण्णा, गुरुजींचा काही संबंध नव्हता. मी घातलेल्या कव्हरमुळे आत हवा कोंडत होती. मशीन तापून बंद पडायचं."

"तुला केव्हा कळलं?"

"त्या दुपारी. तुम्ही हात जोडलेत ना, त्याच्या आधी."

अण्णा रागावतील, असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत राहिले.

"म्हणजे गुरुजी काही म्हणालेच नव्हते," शेवटी ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

"मला वाटलं, एवढ्या वर्षांनी त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं."

तिनं मऊ भात केला, वर तूप घातलं. अण्णा मुकाट्यानं जेवले. आठवड्याभरात हिंडूफिरू लागले आणि एका सकाळी आपणहून पाटावर येऊन बसले. इरावती लिहू लागली. सांगता सांगता मध्येच ते थांबले आणि पडद्याकडे पाहू लागले.

"पुढे, अण्णा?"

"थांब जरा," ते म्हणाले.

दोघंही थांबली. मशीन चालूच राहिलं.