घोडेस्वाराचा टाक

टेबलावर एकंदर सतरा वस्तू होत्या. नऊ पदकं, पट्ट्यांची तीन बकलं, दोन संगिनी, तोफगोळ्यांची दोन रिकामी पितळी कवचं आणि पाण्याची एक पोचे पडलेली बाटली. मागच्या, चौदा सालच्या महायुद्धात इथल्या माणसांनी काय केलं, ते उद्यापासून सीताबर्डीच्या सभागृहात लोकांना दिसणार होतं. संग्रह गणपतरावांचा. वस्तू ओळखून, तोलून, तिच्यापुढे चिठ्ठी ठेवण्याचं काम अनंताचं. तो रसायनशास्त्राचा पदवीधर होता आणि त्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला काटा मागून घेऊन आला होता.

अठरावी वस्तू रंभाबाईंनी पदराच्या गाठीतून सोडली. मौद्याहून त्या एवढ्यासाठीच आल्या होत्या. नवरा मागच्या लढाईत बसऱ्याला गेला. घरी परत आलं ते हे पदक. उद्या त्यापुढे त्याच्या नावाची चिठ्ठी लागावी, इतकंच त्यांचं म्हणणं.

अनंतानं आधी वजन घेतलं, मग भिंग. पदक ब्राँझचं होतं. एका अंगाला घोडेस्वार, पण त्याला नाक नव्हतं आणि घोड्याला डोळा नव्हता. दुसऱ्या अंगाला इंग्रज बादशहाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता उंचवटा. ज्या कडेवर माणसाचं नाव ठोकलेलं असतं, ती कड बांगडीसारखी गुळगुळीत.

"हे हमालांचं," गणपतराव म्हणाले. "शिपायाचं चांदीचं असते. अन् नाव नाही, तर चिठ्ठी नाही, बाई." नियम त्यांचाच होता. बाजारात पदकं विकत घेऊन ती बापाची म्हणून मिरवणाऱ्या तिघांना त्यांनी त्याच आठवड्यात वाटेला लावलं होतं.

"हमालच होते ते," रंभाबाई म्हणाल्या. "तोफा का आपल्या पायानं उतरल्या जहाजातून?"

गणपतरावांना हसू आलं, पण नियम काही सैल झाला नाही. नाव गेलं कसं, अनंतानं विचारलं. रंभाबाईंनी ते संकोच न करता सांगितलं. गेलेल्या माणसाची मूर्ती पत्र्यावर उठवून तो टाक देव्हाऱ्यात बसवायची त्यांच्या घरची रीत. सोनाराकडून नवा टाक कशाला करायचा, म्हणून पदकच बसवलं, खंडोबाच्या टाकाशेजारी. तोही घोड्यावर, हाही घोड्यावर. मग दर सोमवारी बाकीच्या देवांबरोबर तेही चिंच आणि राखेनं घासलं, वीस वर्षं. मौद्यात त्यांच्या देवांइतके लख्ख देव कोणाच्या घरी नव्हते, हेही त्यांनी सांगून टाकलं.

"म्हणजे वीस वर्षं बादशहाची पूजा केली तुम्ही," गणपतराव म्हणाले.

"त्याले मी भिंतीकडं तोंड करून ठेवला होता."

यंदा मात्र गावात नवे मास्तर आले, त्यांनी पदक उलटंपालटं करून पाहिलं आणि हे कोणाचंही असू शकतं म्हणून मोकळे झाले. तेव्हापासून विहिरीवर बाया विचारत होत्या, काहून वं रंभा, कुठून आणलं होतं ते?

यजमानांचं नाव काय, गणपतरावांनी विचारलं. नवऱ्याचं नाव रंभाबाई तोंडानं घेणार नव्हत्या. त्यांनी डाव्या हातावरचा पदर वर सारला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं: नत्थू.

अनंतानं ती कड पुन्हा भिंगाखाली धरली. ठशाचा घाव फक्त वरवर बसत नाही, तो म्हणाला. अक्षराखालचा धातूही दबतो. वरचं अक्षर झिजलं तरी तो दाब आत राहतो. तेजाब लावलं तर दबलेला भाग वेगळा खाल्ला जातो आणि अक्षर दिसू शकतं. दिसेलच, असं मात्र नाही.

"अजून झिजंल?"

"कडेवर. थोडं."

रंभाबाईंनी पदक त्याच्यापुढे सरकवलं. "लाव मंग, बाबू. इतकी वर्षं मी झिजवून राहिली होती, एक दिवस तू."

या कामाला कड आधी आरशासारखी घासून घ्यावी लागते. इथे ती आयती तयार होती. अनंतानं काडीला कापूस गुंडाळला, तेजाबात बुडवला आणि कडेवरून फिरवत राहिला. गणपतराव खुर्ची जवळ ओढून बसले. बराच वेळ नुसती काळसर झाक येत होती. मग त्या झाकेत एक आकडा उभा राहिला, त्याच्यामागे आणखी तीन, आणि त्या आकड्यांनंतर इंग्रजी अक्षरं, एकेक करून पाच.

अनंतानं नाव मोठ्यानं वाचलं. रंभाबाईंनी गोंदणाचा हात पदकाशेजारी टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर सारखा केला.

चिठ्ठी गणपतरावांनी स्वतः लिहिली. कडेवर नुसतं नत्थू होतं. त्यांनी नत्थूजी लिहिलं, खाली मौदा. मग दोन चांदीची पदकं बाजूला सरकवून मधे जागा केली.

"माह्या हातानं किती गेलं असंल?" रंभाबाईंनी विचारलं. पश्चात्तापाचा सूर त्यात नव्हता. घरचं पीक किती उतरलं, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

संग्रहात त्याच साच्याचं दुसरं एक ब्राँझचं पदक होतं, डबीतून कधी न निघालेलं. अनंतानं ते काट्यावर ठेवलं. सत्तावीस ग्रॅम, सेहेचाळीस शतांश. रंभाबाईंचं, तेजाब लावण्याआधीचं, पंचवीस ग्रॅम, त्र्याऐंशी शतांश.

फरक एक ग्रॅम, त्रेसष्ट शतांश.