कंडेन्सर रुळेपर्यंत

“हा काय आवाज आहे, दादा? चिखल आहे नुसता!” धाकट्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

थोरल्याने अँपचा नॉब खाली आणला.

गिटारचा आवाज मोठा करणारा तो अँप थोरल्याच्याच हातचा. जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह आणि कपाटाच्या मोडक्या दाराची पेटी. एरवी तो दिवसभर दुकानात लोकांचे मिक्सर दुरुस्त करायचा, पण हा अँप त्याने सहा वर्षांपूर्वी हौसेने केला होता, भावासाठी. आवाज पुरता वर नेला की चुकून हललेली तारही मोठ्याने वाजायची, व्हॉल्व्हना झेपायचं नाही आणि सूर फाटायचा. ते फाटणंच तर धाकट्याची खासियत! दहा गिटारवाल्यांत लोक त्याला डोळे मिटून ओळखायचे.

पण मधे चार महिने अँप धूळ खात पडला. धाकटा स्टुलावरून पडला होता आणि डावं मनगट मोडलं होतं.

“बोटं चालतात ना पहिल्यासारखी?” वहिनीने विचारलं.

“हाताला काहीही झालेलं नाही, वहिनी. प्लास्टर निघून महिना झाला.” तो फणकारला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने शेजारच्या कुत्र्याला खेळायला देऊन टाकला होता. असा हा गडी.

थोरल्याने त्याला हळू आवाजात वाजवायला लावलं. ठीक होतं. मग नॉब वर नेला. पुन्हा चिखल.

“कंडेन्सर,” थोरला म्हणाला. “पडून पडून गेला. माझंच काम कच्चं, दुसरं काय!”

“महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कार्यक्रम आहे. आमच्या बँडवाल्यांनी दुसरा गिटारवाला बघून ठेवलाय. तोंडावर बोलत नाहीत, पण कळतं ना. या वेळी नाही जमलं तर संपलं, दादा. गिटार खुंटीला टांगणार. कायमची.”

“टांगशील, टांगशील. आधी मला दोन दिवस दे.” थोरल्याने अँप उचलला. “अगं, नेलपॉलिश कुठाय तुझं?”

“घ्या! गेली म्हणायची माझी बाटली.”

थोरल्याची ही जुनी खोड. पेटीचं मागचं झाकण बसवलं की चारही स्क्रूंवर तो नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचा. स्क्रू फिरला की ठिपका तडकतो. आपल्यामागे कुणी आगाऊपणा करून पेटी उघडली, तर लगेच कळतं.

वहिनीने गुलाबी बाटली पुढे केली.

“मरून नाही?”

“तो रंग बंद होऊन चार वर्षं झाली. बायकोच्या नखांकडे बघता का कधी?”

थोरला बाटली घेऊन आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. एरवी असलं काम निघालं की सोल्डरिंगच्या धुराने वहिनीचे डोळे चुरचुरायचे. या वेळी घरात वाससुद्धा आला नाही. खिडकी उघडायची अक्कल आली एकदाची, ती मनात म्हणाली.

दोन दिवसांनी अँप धाकट्याकडे गेला, ताकीद घेऊनच.

“नवा कंडेन्सर आहे. लगेच रेटायचा नाही, रुळू द्यायचा. रोज तासभर एकच तार वाजवायची आणि बाकीच्या पाच तारा डाव्या हाताच्या बोटांखाली गप्प ठेवायच्या. एक जरी कुरकुरली तरी पुन्हा पहिल्यापासून.”

“कंडेन्सरला काय कळतंय कुठली तार गप्प आहे ते?”

“घरचा अँप आहे बाबा. त्याचे नियमही घरचेच.”

रविवारी धाकटा अँप घेऊन हजर. तोंड एवढंसं झालेलं. चिखल थोडा निवळला होता, पण होताच. थोरल्याने पेटी आत नेली आणि तासाभराने बाहेर आणली. “एक रेझिस्टर बदलला. आता करंगळी जास्त वापर. बारीक सुरांनी व्हॉल्व्ह लवकर बसतात.”

पुढच्या रविवारी आणखी काहीतरी बदललं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. वहिनीला नवल एकाच गोष्टीचं वाटलं. त्या पहिल्या रविवारनंतर धाकट्याने ना वाद घातला, ना अँपला नाव ठेवलं. दादा सांगेल त्याला नुसतं ‘बरं’ म्हणायचा आणि पेटी उचलून चालू पडायचा. आणि हा म्हणे वाद घातल्याशिवाय पाणीही न पिणारा!

“अहो, नवीनच घे म्हणावं त्याला,” एकदा ती नवऱ्याला म्हणाली. “लोक नावं ठेवतात तुमच्या या खोक्याला.”

“ठेवू देत. खोक्याला काय वाईट वाटतंय?”

शनिवारी सभागृहात वहिनी ओठ आवळून बसली होती. धाकट्याने नॉब पुरता वर नेला. सूर फाटला. पण फाटूनसुद्धा एकेक सूर वेगळा, स्वच्छ ऐकू येत होता. थोरल्याने चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पुसतच राहिला.

कार्यक्रम संपल्यावर तो दुसरा गिटारवाला स्वतःहून जवळ आला. “काय केलंत हो अँपला?”

“काही नाही. कंडेन्सर बदलला,” थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा अँप घेऊन आला, चक्क डाव्या हाताने उचलून. थोरला दूध आणायला खाली गेला होता. वहिनीने फडकं घेतलं, पेटी पुढून पुसली, वळवली आणि मागून पुसायला लागली. तिचा हात थांबला.

चार स्क्रूंवर चार मरून ठिपके होते. जुने, मळलेले. एकालाही तडा नव्हता.

तिने वर बघितलं. धाकटा तिच्याकडेच बघत होता.

“मी पहिल्याच रविवारी बघितले, वहिनी,” तो हळूच म्हणाला आणि त्याने पेटीची पाठ भिंतीकडे फिरवली. “दादाला सांगू नका हं.”