पहिली फेरी

नव्या सायकलचे सीट, ब्रेक, चेन मनासारखे बसवण्यात चंपतरावांचा आठवडा गेला. कचेरीमुळे चालवायला वेळच मिळेना, म्हणून अंबाझरी तलावापर्यंतची पहिली फेरी रविवारी ठरली.

रविवारी सकाळीच शेजारचे म्हातारे नानाजी आले. "तिकडं नंदनवन वस्तीत पोरगी बाळंत झाली गा. सायकल देतं का?"

"पंक्चर हाय नानाजी," चंपतराव बोलून गेले.

नानाजी पायीच निघाले. खोटं उघडं पडेल म्हणून चंपतरावांनाही दिवसभर बाहेर पडता आलं नाही.

संध्याकाळी नानाजी धुळीच्या पायांनी थेट दारात आले. हातात पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब होती. "नातू झाला! सायकलबिगर माह्यासारखीच तुयीही फजिती झाली ना गा? पानी पिऊन येतो, मंग पंक्चर काढून देतो."

 

ते आत गेले आणि चंपतराव घाईघाईने खिळा शोधू लागले.