ईराची वऱ्हाडी आजी

पुण्यातल्या ऋजुताने छोट्या ईराला सावंतवाडीच्या आजीकडे न ठेवता पाळणाघरात घातलं. आजी फार लाड करते आणि पाळणाघरातले यंत्रमानव मुलांना शिस्तीत सांभाळतात, असं तिचं म्हणणं. सासूबाई रुसल्या.

थोड्याच दिवसांत ईरा जेवताना ओरडली, "मले भात नाही पायजे!"

घरात कुणालाच वऱ्हाडी येत नव्हती. ऋजुताने पाळणाघराच्या बाईंना गाठलं.

बाई ओशाळल्या. "यंत्रांना मुलांचं रडू आवरेना हो. मग आम्ही आज्या नेमल्या. त्या आपापल्या घरून यंत्रमानव चालवतात, त्याच्या तोंडून बोलतात. ईराच्या आजी अकोल्याच्या."

परकी आजी चालते, तर घरचीच का नको? ऋजुताने लगेच सासूबाईंना फोन लावला. "आई, चुकलं आमचं. ईराला तुम्हीच सांभाळा."

"आता नाय जमाचा गो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणालात, म्हणून मीही घरी बसून पाळणाघरातला यंत्रमानव चालवायचं काम धरलं. अमरावतीचा एक पोरगा आहे. परवा आईकडे हट्ट धरून बसला, 'माका सोलकडी व्हयी!' त्याला टाकून कशी येऊ?"

ऋजुता पाळणाघरात गेली आणि यंत्रमानवासमोर हात जोडून म्हणाली, "आजी, दिवाळीला आमच्या घरी या."

"येतो ना वं पोरी," यंत्रमानव म्हणाला.